मोडला, सोडला की राहिला? मेडिकलच्या काउंटरवर येणारे रोज्याचे प्रश्न

"भाई, डोळ्यात थेंब घातलं तर रोजा तुटतो काय ओ?"

कोल्हापुरात बिंदू चौकापासून हाकेच्या अंतरावर माझं औषधांचं दुकान आहे. रमजानचा चांद दिसायच्या आधी आठवडाभर हा प्रश्न सुरू होतो आणि ईदच्या आदल्या रात्रीपर्यंत थांबत नाही. थेंब, दम्याचा पंप, इन्सुलिन, टूथपेस्ट, सलाईन. विचारणारे सगळेच मुसलमान असतात असंही नाही. मागच्या गल्लीतल्या काकू शुगरच्या गोळ्या न्यायला येतात आणि दरवर्षी एकदा तरी म्हणतातच, "पाण्याचा घोट बी न्हाई? मग आमची एकादशी बरी की, खिचडी तरी मिळती." मी मुफ्ती, म्हणजे धर्माच्या नियमांवर निर्णय देणारा, नाही आणि डॉक्टरही नाही. पण इतकी वर्षं लोकांनी मला विचारलं, मी मौलानांना आणि डॉक्टरांना विचारलं, त्यातून जे साठलं ते इथे सांगतो.

आधी शब्दांचं बघू. मराठीत उपास सोडतात आणि उपास मोडतो. नैवेद्य दाखवून पानावर बसलं की सोडला. दुपारी विसरून चकली तोंडात टाकली की मोडला. आम्हीही रोजा 'धरतो', संध्याकाळी 'सोडतो', आणि मधेच काही झालं तर 'तुटला' म्हणतो. तिसरा एक प्रकार आहे, 'राहिला'. म्हणजे त्या दिवशी धरता आला नाही, पण नंतर फेडायचा आहे. काउंटरवर येणारे निम्मे गोंधळ हे तिन्ही एकात एक मिसळल्याने झालेले असतात. एखादी बाई रडकुंडीला येऊन सांगते की माझा रोजा तुटला, गुनाह झाला. विचारपूस केली की कळतं, तुटलेला नाही, राहिलेला आहे. आणि राहण्यात गुनाह कसला?

मूळ नियम दोन ओळींचा आहे. पहाट फुटल्यापासून सूर्य मावळेपर्यंत खाणं, पिणं आणि नवरा-बायकोचा संबंध बंद. मनात रोज्याची नियत हवी. ती तोंडाने म्हणायलाच पाहिजे असं नाही, रोज्यासाठी म्हणून सहरीला, म्हणजे पहाटेआधीच्या जेवणाला, उठून खाल्लं त्यात ती आली. उपासाचे पदार्थ ही कल्पनाच इथे नाही. दिवसा साबुदाण्याचा दाणा चालत नाही आणि सूर्य बुडाल्यावर तांबडा रस्सा ओरपला तरी कुणी हटकणार नाही. काकूंना मी हेच सांगतो: तुमच्याकडे काय चालतं ते विचारतात, आमच्याकडे किती वाजता चालतं ते.

म्हणून घड्याळाला इतकं महत्त्व. पहाट म्हणजे सूर्योदय नव्हे, ही चूक शिकलेली माणसंही करतात. कुरआनच्या दुसऱ्या सूरेत, 187व्या आयतीत, पहाटेचा पांढरा दोरा काळ्या दोऱ्यापासून वेगळा दिसेपर्यंत खा-प्या असं आहे. अदी बिन हातिम नावाच्या सहाबींनी, म्हणजे पैगंबरांच्या एका सोबत्याने, हे शब्दशः घेतलं. एक काळा आणि एक पांढरा दोरा उशाखाली ठेवून ते रात्रभर बघत बसले, काही फरक दिसेना. सकाळी पैगंबरांना सांगितलं, तेव्हा त्यांनी समजावलं की तो रात्रीचा काळोख आणि दिवसाचा उजेड आहे. आजच्या वेळापत्रकात ही पहाट म्हणजे सूर्य क्षितिजाखाली साधारण 18 अंशांवर असतानाची वेळ. आपल्याकडे ती सूर्योदयाच्या सव्वा तासाच्या आसपास आधी येते. फजरची, म्हणजे पहाटेच्या नमाजची, अजान झाली म्हणजे ती वेळ होऊन गेली. हातातला घास अजान संपेपर्यंत खाऊन घ्यावा, असं आमच्या लहानपणी सर्रास चालायचं, आणि ते चूकच होतं.

संध्याकाळचं उलटं. सूर्य पूर्ण मावळला की लगेच सोडायचा. मुद्दाम उशीर करण्यात काही जास्तीचं पुण्य नाही, उलट लवकर सोडणं सुन्नत, म्हणजे पैगंबरांची रीत, आहे. फक्त सूर्य आपल्या गावचा बघायचा. माझा भाचा नागपुरात शिकायला होता. सुट्टीला घरी आला तो मोबाईलमधलं ॲप तिकडच्याच वेळेवर ठेवून. पहिल्याच दिवशी टुणकन उठून खजूर खाल्ला, पाणी प्यायला, आणि बाहेर अजून लख्ख ऊन. नागपूर आपल्यापेक्षा जवळजवळ पाच रेखांश पूर्वेला आहे, तिथला सूर्य वीसेक मिनिटं आधी मावळतो. सोलापूरला सहा-सात मिनिटं आधी, सांगलीला मिनिट-दीड मिनिट आधी, मुंबईला मात्र आपल्यानंतर पाचेक मिनिटांनी. भाच्याचा रोजा तुटला. चूक नकळत झालेली असल्यामुळे दंड नाही, नंतर एक रोजा धरून भरपाई करायची. त्या दिवशी उरलेली वीस मिनिटं त्याला तोंड बंद ठेवून बसावं लागलं आणि आम्ही सगळे त्याच्याकडे बघून हसत होतो.

रोजा किती तासांचा, हे ऋतूवर अवलंबून. कोल्हापुरात डिसेंबरात साडेबारा तासांच्या आतबाहेर, जूनमध्ये साडेचौदा. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, कारण हिजरी वर्ष निव्वळ चंद्राचं, 354 किंवा 355 दिवसांचं. आपलं पंचांगही चंद्राचंच, पण त्यात साधारण 32-33 महिन्यांनी अधिक महिना टाकून ते सूर्याला गाठतं. इस्लाममध्ये असा महिना घालायला मनाई आहे. याचं एक गमतीदार उदाहरण आहे. 2022 साली रमजान ईद आणि अक्षय तृतीया एकाच दिवशी आली, 3 मेला. 2023 सालीही एकाच दिवशी, 22 एप्रिलला. मग त्याच वर्षी अधिक श्रावण आला आणि जोडी फुटली: 2024 मध्ये ईद 11 एप्रिलला झाली, अक्षय तृतीया 10 मेला. असं सरकत सरकत सुमारे 33 वर्षांत रमजान सगळे ऋतू फिरून येतो. 2030 मध्ये तर जानेवारीत एक आणि डिसेंबरच्या शेवटी दुसरा, असे दोन रमजान लागतील.

आता भुलून खाण्याचं. हा नियम ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही. रोजा आहे हे पूर्ण विसरून कुणी पोटभर जेवला, तरी रोजा तुटत नाही. हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांत, आहे की त्याला अल्लाहनेच खाऊ-पिऊ घातलं, त्याने रोजा पुरा करावा. आठवण झाल्याक्षणी मात्र तोंडातला घास थुंकायचा. शहरात सकाळी नऊला मिसळीचा वास सुटलेला असताना रमजानच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी असा एखादा किस्सा हमखास होतो. आणि मित्रांनी आमच्यासमोर खाल्लं तर? काही होत नाही. आमच्यासाठी प्लेट लपवायची गरज नाही.

पण वजू, म्हणजे नमाजआधीचं हात-तोंड धुणं, करताना गुळणीचं पाणी घशाखाली गेलं तर? इथे माझ्या घरातच दोन कायदे आहेत. कोल्हापूरकडचे आम्ही बहुतेक हनफी मजहबचे, म्हणजे धर्माचे नियम लावायच्या त्या परंपरेचे. बायको राजापूरची, कोकणी मुसलमान, म्हणजे शाफई. रोजा लक्षात असताना गुळणीचं पाणी चुकून गेलं तर माझा तुटतो, एक रोजा नंतर भरायचा. तिने गुळणी नेहमीसारखी, जास्त जोर न लावता केली असेल तर तिचा तुटत नाही. नियत करण्याचं उलट. रात्री नियत करायची राहून गेली तर मी दुसऱ्या दिवशी दुपारच्या आधी करू शकतो, अर्थात तोवर काही खाल्लेलं नसेल तर. तिला मात्र प्रत्येक रोज्याची नियत पहाटेच्या आत हवीच. लग्नाच्या पहिल्या वर्षी आम्ही यावरून वाद घातले, आता घालत नाही. मजहब चार आहेत आणि चारही मान्य आहेत. व्हॉट्सॲपवर 'रोजा तोडणाऱ्या 14 गोष्टी' असलं काही येतं, त्यात हे कुणाच्या मते, ते कधीच लिहिलेलं नसतं. माझा राग त्यावर आहे.

औषधांकडे येतो, कारण खरी गर्दी तिथे असते.

जुन्या फकीहांनी, म्हणजे धर्मकायद्याच्या पंडितांनी, विचार केला तो असा: बाहेरची वस्तू शरीरातल्या उघड्या वाटेने घशात किंवा पोटात पोचली का? तोंड आणि नाक या उघड्या वाटा. म्हणून गोळी, सिरप, नाकातलं ड्रॉप घशात उतरलं, की रोजा तुटला. कातडीतून किंवा डोळ्यातून आत झिरपलं ते या हिशेबात धरत नाहीत. त्यामुळे मलम, तेल, डोळ्यातले थेंब चालतात. थेंबांची कडवट चव घशाला जाणवली तरी हनफी मतानुसार रोजा शाबूत. कानाची गोष्ट फार मजेशीर. कानातून डोक्यात, घशात वाट जाते असं पूर्वी समजत, म्हणून जुन्या हनफी ग्रंथांत कानात औषध घातल्याने रोजा तुटतो. कानाचा पडदा शाबूत असेल तर तिथून पुढे काही जात नाही हे कळल्यावर आजच्या अनेक उलेमांनी मत बदललं, काही जुन्यावरच ठाम आहेत. नियम तोच, शरीराची माहिती बदलली.

इंजेक्शनने रोजा तुटत नाही, मग ते दंडात घ्या की शिरेत, असं आपल्याकडचे बहुतेक मुफ्ती सांगतात. इन्सुलिनही त्यातच. ताकदीच्या सलाईनवर मतभेद आहेत: काहींच्या मते तुटत नाही पण विनाकारण लावून घेणं मकरूह, म्हणजे नापसंत, काहींच्या मते ते पोषणच झालं, म्हणून तुटतो. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 1997 साली यावर ठराव केला, त्यात पोषण देणारी इंजेक्शनं सवलतीतून वगळली. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी मात्र, तिचा रस गिळला नाही तर, चालते असं म्हटलं. दम्याच्या पंपाचा निर्णय त्यांनी तेव्हा आणखी अभ्यासासाठी ठेवून दिला होता. भारतातले हनफी मुफ्ती पंपाने रोजा तुटतो म्हणतात, अरब देशांतले काही उलेमा नाही म्हणतात. माझ्याकडे येणाऱ्या दम्याच्या पेशंटला मी एवढंच सांगतो: दम लागला की आधी पंप ओढा, फतवा मग विचारू. तुटला तर एक रोजा नंतर भरता येतो.

शुगर तपासायला बोट टोचलं तर रोजा तुटत नाही. रक्तदानानेही नाही, फक्त त्याने थकवा येणार असेल तर टाळावं. शुगरवाल्यांनी एवढं पाठ करावं: मशीन 70च्या खाली किंवा 300च्या वर दाखवत असेल तर डॉक्टर रोजा सोडायलाच सांगतात, मग मगरिबला, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजला, दहा मिनिटं उरलेली का असेनात. आणि जिथे जीवाला धोका आहे तिथे शरीयतही तेच सांगते. सवलत म्हणून नव्हे, तिथे सोडणं भागच आहे. दिवसातून तीनदा घ्यायच्या गोळ्या सहरी आणि इफ्तारला वाटून घेण्याचा हिशेब मात्र स्वतः करू नका, माझ्याकडूनही करून घेऊ नका. रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरकडे जा. सगळे आदल्या दिवशी येतात.

किरकोळ प्रश्न भराभर. थुंकी गिळली तर काही होत नाही. दिवसभर थुंकत फिरणारे उगाच भिंती रंगवतात. मिसवाक, म्हणजे दात घासायची काडी, सुन्नत आहे. टूथपेस्ट हनफींकडे मकरूह, पोटात गेली तर तुटला. मिश्री, तंबाखू, मावा, सिगरेट, सगळ्यांनी तुटतो. मिश्रीबद्दल मुद्दाम लिहितो, कारण "मी खात न्हाई, नुस्ती दाताला लावते" असं सांगणाऱ्या आजीबाई अजून आहेत. अत्तर लावा, रंकाळ्यावर फिरा, गार पाण्याने आंघोळ करा. शेजारच्या घरातला धूप किंवा फोडणीचा खाट नाकात गेला तर काही नाही. अगरबत्तीजवळ नाक नेऊन मुद्दाम धूर ओढला तर हनफी मतात तुटतो. आपोआप उलटी झाली तर रोजा राहतो, बोटं घालून तोंडभर काढली तर तुटतो. झोपेत स्वप्नदोष झाला तर तुटत नाही. स्वयंपाकाचं मीठ चाखण्यावर तर हनफी ग्रंथांत खास कलम आहे: गरज नसताना मकरूह, पण नवरा तापट असेल तर बायकोने जिभेच्या टोकावर चव घेऊन थुंकून टाकावी. हे वाचून दाखवल्यापासून आमच्या घरी मीठ चाखलं जातं आणि कारण विचारलं की माझ्याकडे बोट दाखवलं जातं.

खोटं बोललं, कुणाची मागे निंदा केली तर? तांत्रिकदृष्ट्या तुटत नाही. पण जो खोटं बोलणं सोडत नाही, त्याने खाणंपिणं सोडावं याची अल्लाहला गरज नाही, अशी हदीस आहे. उधारीवर गोळ्या नेऊन रमजानभर फोन न उचलणाऱ्यांना मी ती ऐकवत नाही, पण आठवते.

आता फेडीचा हिशेब. तीन शब्द आहेत: कजा, फिदया, कफ्फारा. आजारपण, प्रवास, पाळी, बाळंतपण, चूक, अशा कारणांनी राहिला किंवा तुटला, तर एकाला एक रोजा नंतर धरायचा, ती कजा. जो म्हातारपणामुळे किंवा न बऱ्या होणाऱ्या आजारामुळे आता कधीच धरू शकणार नाही, त्याने प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला दोन वेळचं जेवण किंवा तेवढ्या धान्याची किंमत द्यायची, तो फिदया. ही रक्कम मशिदींतून दरवर्षी सांगतात. बरा होण्याची आशा असलेल्याने फिदया देऊन मोकळं होता येत नाही. कावीळ झालेला तरुण पोरगा पैसे द्यायला निघतो, त्याला थांबवावं लागतं: बाबा, तू बरा झाल्यावर धर.

कफ्फारा सगळ्यात जड. काही कारण नसताना, जाणूनबुजून रमजानचा रोजा मोडला तर सलग 60 रोजे, तेही जमत नसेल तर 60 गरिबांना जेवण. मधे एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. बाईची पाळी आली तर तेवढी सूट. शाफईंकडे हा दंड फक्त दिवसा संबंध ठेवल्याबद्दल आहे, हनफींकडे मुद्दाम खाण्यापिण्याबद्दलही. याची मूळ हदीस मला फार आवडते. एक माणूस पैगंबरांकडे धावत आला, म्हणाला, माझा सत्यानाश झाला, रोज्यात बायकोजवळ गेलो. गुलाम मुक्त करशील? नाही. दोन महिने सलग रोजे? नाही. साठ गरिबांना जेवण? तेही नाही. तेवढ्यात कुणीतरी खजुरांची टोपली आणली. पैगंबर म्हणाले, ही घे आणि दान कर. तो म्हणाला, कुणाला करू? या मदिन्यात माझ्या घराहून गरीब कुणी नाही. त्यावर पैगंबर दात दिसेपर्यंत हसले आणि म्हणाले, जा, घरच्यांनाच खाऊ घाल.

बायकांच्या पाळीबद्दल. पाळीत रोजा धरायचाच नाही, धरला तरी होत नाही. त्या दिवसांचे रोजे नंतर भरायचे. नमाज मात्र भरायची नाही, ती माफच. तरीही आमच्या कितीतरी घरांत पोरी त्या दिवसांत कोपऱ्यात लपून चपाती खातात, बापाला, भावाला कळू नये म्हणून सहरीला खोट्या खोट्या उठतात. हे कुठल्याही नियमात नाही, निव्वळ आपला संकोच आहे. माझ्या आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने फुल्या मारून राहिलेल्यांचा हिशेब उघड ठेवला होता आणि थंडीतल्या छोट्या दिवसांत ती ते फेडायची. खुद्द पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशा यांचे राहिलेले रोजे पुढच्या रमजानच्या तोंडावर, शाबान महिन्यात पुरे व्हायचे. हनफींकडे उशीर झाला म्हणून दंड नाही. शाफईंकडे विनाकारण पुढचा रमजान उलटू दिला तर कजाबरोबर फिदयाही लागतो, म्हणून माझी बायको माझ्याहून शिस्तीची. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला स्वतःच्या किंवा बाळाच्या प्रकृतीची भीती असेल तर ती नंतर धरू शकते.

प्रवासाची सूट हनफी हिशेबाने साधारण 77-78 किलोमीटरच्या पुढे. म्हणजे सांगलीला जाऊन ती मिळत नाही. बेळगाव, रत्नागिरी, पुण्याला मिळते. एक बारकावा: पहाट फुटताना तुम्ही घरीच असाल आणि सकाळी दहाच्या एसटीने पुण्याला निघणार असाल, तर त्या दिवसाचा रोजा हनफींकडे सोडता येत नाही. पहाटेच्या आधीच गाव सोडलेलं हवं. एसीत बसून जाणाऱ्यालाही सूट आहे, कारण ती अंतरावर आहे, त्रासावर नाही. पण जमत असेल तर धरलेला बरा.

लहान मुलांवर वयात येईपर्यंत रोजा फर्ज, म्हणजे बंधनकारक, नाही. हौसेने पहिला रोजा धरला की घरात हार घालतात, फोटो काढतात. सात वर्षांचं पोर दुपारी तीनला मलूल पडलं तर पाणी पाजा, हौस पुढच्या वर्षीही होईल.

आणि वर्षातल्या पाच दिवशी रोजा धरायलाच मनाई आहे: दोन्ही ईद, आणि बकरी ईदनंतरचे तीन दिवस. रमजान ईदला नमाजला निघायच्या आधी काहीतरी गोड, शक्यतो विषम संख्येने खजूर, खाऊन निघणं सुन्नत आहे. मी तीन खातो. दसरा चौकात, शाहू महाराजांच्या काळात 1906 साली उभ्या राहिलेल्या मुस्लिम बोर्डिंगच्या मैदानावर नमाज पढून, गळाभेटी घेत घरी येईपर्यंत बायकोने शीरखुर्म्याचे डबे भरून ठेवलेले असतात. काकूंचा डबा वेगळा असतो, बिनसाखरेचा. त्यांची शुगर किती आहे हे मला चांगलंच माहीत आहे.